रेट्रो स्वयंपाकघरात डिशवॉशर: जुना की नवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिकट निळी कपाटं, क्रोमच्या मुठी, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, गोलसर कोपऱ्यांचा फ्रिज. एवढं सगळं जमून आल्यावर ओट्याखाली सपाट स्टीलचा, डिजिटल आकडे दाखवणारा डिशवॉशर बसवायचा म्हटलं की जिवावर येतं. मग त्या काळातलं खरंखुरं मशीन शोधायची हौस लागते. ही हौस मला मनापासून आवडते. पण डिशवॉशर हा फ्रिजसारखा एका जागी शांत उभा राहणारा नग नाही. त्यात गरम पाणी, वीज आणि तीव्र अल्कली एकाच पेटीत नांदतात, आणि ती पेटी तुमच्या लाकडी कपाटांच्या मधोमध बसलेली असते. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

एका वाक्यात सांगायचं तर जुना घ्यावा की नवा?

रोजची भांडी धुवायची असतील तर नवा घ्या आणि त्याचा दर्शनी भाग झाका किंवा बदला. जुनं मशीन घरात आधीपासूनच असेल आणि चालत असेल, तर ते काढायची घाई करू नका. आणि मुद्दाम शोधून जुनं आणायचं असेल, तर त्याचे मेकॅनिक तुम्ही स्वतः होणार, हे आधी मान्य करा.

‘जुना’ म्हणजे नेमका कोणत्या काळातला?

भांडी घासण्याऐवजी पाण्याच्या माऱ्याने धुवायची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी अशा यंत्राचं पेटंट मिळालं. ताटल्या, कप, बशा यांच्या मापाचे तारांचे कप्पे, ते एका चाकावर बसवलेले, आणि तांब्याच्या बॉयलरमध्ये खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा, अशी त्याची रचना होती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं, पण गिऱ्हाईक होती मुख्यतः हॉटेलं. १९२६ मध्ये हा व्यवसाय होबार्ट कंपनीने घेतला आणि १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती मशीन बाजारात आणलं. युरोपात मीलेने विजेवर चालणारं घरगुती मशीन १९२९ मध्येच काढलं होतं.

रेट्रो स्वयंपाकघरासाठी लोक शोधतात ती मशीनं साधारण १९५० ते १९७९ या काळातली. पन्नाशीच्या दशकातल्या अनेक मशीनांत तळाशी एक पंखा असे आणि तोच पाणी वर भिरकावत असे. पुढे फिरत्या फवारा-दांड्या आल्या आणि धुणं खूप सुधारलं. वापरण्यासाठी जुनं घेणार असाल तर निदान फवारा-दांडीवालं घ्या. पंख्याची मशीनं दिसायला देखणी आहेत, पण वरच्या जाळीतले कप त्यांच्याकडून नीट निघतीलच असं नाही.

रंगांवरूनही काळ ओळखता येतो. फिकट गुलाबी, पिवळा, फिरोजी हे पन्नाशीतले. अवोकाडो हिरवा आणि हार्वेस्ट गोल्ड हे साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सत्तरीपर्यंतचे. गुलाबी कपाटांशेजारी अवोकाडो मशीन ठेवलं तर दोन्ही जुनी असूनही एकमेकांना परकी वाटतात.

त्या काळातल्या स्वयंपाकघरांत डिशवॉशर खरंच असायचे का?

फार थोड्या घरांत. १९५० च्या दशकात डिशवॉशर ही जाहिरातींत जास्त आणि प्रत्यक्ष ओट्याखाली कमी दिसणारी वस्तू होती. त्यामुळे काळाशी प्रामाणिक राहायचं असेल तर कपाटाच्या दारामागे लपवलेलं नवं मशीन हा पर्याय मुळीच कमअस्सल नाही. त्या काळातल्या बहुतेक घरांत त्या जागी साधं कपाटच होतं.

जुन्या मशीनमधून भांडी जास्त स्वच्छ निघायची, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि ते का खरं आहे ते समजून घेण्यासारखं आहे.

१९५९ मध्ये हेन्केल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: तापमान, वेळ, पाण्याचा मारा आणि रसायन. यातली एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. आजही डिशवॉशर बनवणारे याच चौकटीत विचार करतात.

जुनी मशीनं तापमान, पाणी आणि रसायन या तिघांवर भर द्यायची. थेट गरम पाण्याच्या नळाला जोडलेली असल्यामुळे धुणंही गरम आणि प्रत्येक खळबळणंही गरम. पावडरमध्ये भरपूर फॉस्फेट आणि अनेकदा क्लोरीनचं ब्लीच. एवढं सगळं असल्यावर तासाभरात काम आटोपायचं.

नव्या मशीनने पाणी आणि तापमान दोन्ही कमी केलं. मग उरली वेळ. इको कार्यक्रमाला तीन-साडेतीन तास लागतात त्याचं कारण एवढंच. मशीन ढिलं नाही. थोडंसंच पाणी ते पुन्हा पुन्हा गाळून फिरवतं आणि एन्झाइमना स्टार्च आणि प्रथिनं तोडायला सवड देतं. घाई असेल तर जवळपास प्रत्येक नव्या मशीनमध्ये तासाभराचा कार्यक्रम असतोच, फक्त तो पाणी आणि वीज जास्त घेतो.

म्हणजे जुनी मशीनं त्यांच्या काळच्या पावडरवर आणि त्यांच्या काळच्या कढत पाण्यावर उत्तम धुवायची. ती पावडर आज मिळत नाही. अमेरिकेतल्या १६ राज्यांनी जुलै २०१० पासून घरगुती डिशवॉशर पावडरमधल्या फॉस्फरसवर, म्हणजे फॉस्फेटमधल्या मूळ घटकावर, ०.५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि उत्पादकांनी देशभर पावडर बदलली. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०१७ पासून एका धुण्याच्या मात्रेत ०.३ ग्रॅम फॉस्फरसची मर्यादा आणली. कारण रास्त होतं: फॉस्फेट नदी-तलावांत जाऊन शेवाळ माजवतं. पण पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवायचं त्याचं काम जुन्या मशीनच्या रचनेत गृहीत धरलेलं होतं.

मग आजची टॅबलेट जुन्या मशीनमध्ये चालते का?

चालते, पण पावडर बरी. जुन्या मशीनच्या दारात सहसा दोन कप्पे असतात, एक उघडा आणि एक झाकणाचा. उघड्यातली पावडर पहिल्या धुण्यात जाते, झाकणातली मुख्य धुण्यात. टॅबलेट एकाच कप्प्यात बसते, म्हणजे पहिलं धुणं नुसत्या पाण्याचं होतं. शिवाय छोट्या धुण्यात ती पूर्ण विरघळेलच असं नाही आणि मग तिचा चिकट तुकडा कप्प्यातच राहतो.

आजच्या पावडरमधले एन्झाइम साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसला उत्तम काम करतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून मशीन सुरू करण्याआधी सिंकचा गरम नळ सोडा आणि पाणी खरंच कढत यायला लागलं की मगच बटण दाबा. नाहीतर पाइपात थांबलेलं गार पाणी आधी मशीनमध्ये जातं आणि पहिलं धुणं फुकट जातं. जुन्या अमेरिकी मशीनांना येणारं पाणीच ६० अंशांच्या आसपास हवं असतं. आज बऱ्याच घरांत हीटर ४९-५० अंशांवर ठेवलेला असतो, आणि ‘मशीन नीट धुवत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथेच निघतं.

पाणी आणि विजेचा फरक किती?

जुनं मशीन एका धुण्याला ४० ते ५५ लिटर पाणी सहज घेतं. नवं पूर्ण आकाराचं मशीन इको कार्यक्रमात ९ ते १२ लिटरमध्ये भागवतं. वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते, त्यामुळे हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. ४५ लिटरला दोन युनिटांहून थोडं जास्त. जुन्या मशीनची मोटर आणि वाळवण्याची कॉइल यांचा खर्च त्यावर वेगळा.

आठवड्यातून एकदा, पाहुणे आले की चालवणार असाल तर या फरकाने फारसं बिघडत नाही. रोज दोनदा चालवणार असाल तर बिघडतं.

जुनं मशीन बघायला जाताना काय तपासू?

विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला तर चालू करून दाखवायला सांगा. पाणी आणि वीज जोडून, एक पूर्ण धुणं. ते शक्य नसेल तर मशीन बंदच आहे असं समजून किंमत ठरवा.

मग दार उघडा. दाराभोवतीच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवा. खळगा पडून परत भरून आला तर रबर जिवंत आहे. नख घसरलं किंवा रबराला बारीक भेगा दिसल्या, तर पहिल्याच धुण्यात पाणी जमिनीवर येणार. खालची जाळी बाहेर काढा आणि टॉर्च घेऊन तळ बघा. आतलं पोर्सिलेन, म्हणजे पत्र्यावर भाजलेला काचेसारखा मुलामा, पंपाच्या खळग्याभोवती आणि कॉइलच्या टोकांपाशी आधी उडतं. काळा ठिपका चालेल. तपकिरी, फुगलेला, बोटाने दाबल्यावर चुरणारा गंज चालणार नाही, कारण तो खालून वर येत असतो. तुम्हाला दिसतो त्याच्या कितीतरी पट पत्रा खालून खाल्लेला असतो. पोर्सिलेन घरी भाजता येत नाही आणि इपॉक्सीचं ठिगळ हे फक्त ठिगळच.

त्यानंतर खालची पट्टी काढून मोटरच्या वरच्या बाजूला बघा. पांढरट, पावडरीसारखे ओघळ दिसले तर पंपाचं सील गळत होतं आणि ते पाणी मोटरवर सुकलं. हा बिघाड दुरुस्त होतो, पण सील मिळतं का ते आधी शोधा.

शेवटी टायमरची घुंडी हलक्या हाताने, एकाच दिशेने, पूर्ण एक फेरा फिरवा. प्रत्येक खटका बोटाला सारखा लागायला हवा. मध्येच मऊ जागा आली तर आतली कॅम, म्हणजे खटके देणारी दातेरी चकती, झिजली आहे. घुंडी उलटी फिरवू नका, काही टायमर त्याने तुटतात.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. मशीन वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं असेल तर लगेच सुरू करू नका. पंपाचं सील सुकून चिकटलेलं असतं आणि मोटरच्या पहिल्या झटक्याने ते फाटतं. तळात दोन-तीन लिटर कोमट पाणी ओतून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग काढलेलाच ठेवून मोटरचा दांडा हाताने फिरतो का बघा. फिरला तरच वीज द्या.

कोणत्या कंपनीचं जुनं मशीन शोधावं?

होबार्टने बनवलेली किचनएड मशीनं. होबार्ट मुळात हॉटेलांसाठी यंत्रं बनवणारी कंपनी, आणि तोच जाडजूडपणा घरगुती मशीनांतही उतरला. पोर्सिलेनची टाकी, दणकट मोटर, खोलून पुन्हा बांधता येईल अशी रचना. १९८६ मध्ये किचनएड व्हर्लपूलकडे गेलं. त्याआधीची मशीनं आजही हौशी लोक दुरुस्त करून वापरतात, आणि त्यामुळेच त्यांच्या सुट्या भागांची माहिती इतरांपेक्षा जास्त सापडते. माझ्या मते जुनं घेताना नावापेक्षा हा मुद्दा मोठा: ज्याचे भाग आणि ज्याची माहिती मिळते तेच मशीन घ्यावं, मग त्याचा रंग मनासारखा नसला तरी चालेल. रंग बदलता येतो.

दुसऱ्या देशातून जुनं अमेरिकी मशीन मागवलं तर?

तुमच्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असेल तर नको. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या टायमरची मोटर ५० हर्ट्झवर मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानेच फिरते, म्हणजे ६० मिनिटांचा कार्यक्रम ७२ मिनिटांचा होतो. ते एक वेळ चालून जाईल, पण पंपही हळू फिरतो, पाण्याचा जोर पडतो आणि मोटर जास्त तापते. शोभेसाठी मागवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

जुनं मशीन सुरक्षित असतं का?

आहे तसं जोडलं तर नसतं. जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी करून घ्या. सगळ्या तारांचं आवरण तपासणं, कारण कापडी किंवा रबरी आवरण पन्नास वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतं. सांगाड्याला पक्कं अर्थिंग. आणि त्या जोडणीवर गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारं संरक्षण. दार उघडल्याबरोबर सगळं थांबतं का, हेही बघा. दाराचा स्विच अडकलेला असेल तर कढत पाणी थेट अंगावर येतं.

१९७९ च्या आधीच्या मोटरला कपॅसिटर असेल तर त्यात पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. असा कपॅसिटर फुगलेला किंवा ओला दिसला तर उघड्या हाताने शिवू नका, घातक कचऱ्यात द्या. दारात किंवा टाकीभोवती जुनं तंतुमय आवरण असेल तर ते खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

वापरताना: तळातली वाळवण्याची कॉइल उघडी आणि लालबुंद होण्याइतकी गरम असते. प्लॅस्टिकची हलकी वस्तू उडून तिच्यावर पडली तर वितळते, पेटूही शकते. प्लॅस्टिक फक्त वरच्या जाळीत ठेवा. आणि जुनं मशीन लावून घराबाहेर जाऊ नका किंवा झोपू नका. बऱ्याच नव्या मशीनांत गळती झाली की पाणी आपोआप बंद करणारी यंत्रणा असते, जुन्यात तुम्ही स्वतःच ती यंत्रणा.

आवाज?

नवी मशीनं ४० ते ४८ डेसिबलच्या आसपास असतात, जुनी ६० च्या वर. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच असेल तर जुनं मशीन चालू असताना बोलणं कठीण.

पण नवं मशीन दहा वर्षांतच टाकून द्यावं लागतं ना?

ही तक्रार खरी आहे. जुन्या मशीनमध्ये एक टायमर, एक मोटर, एक व्हॉल्व्ह, एक कॉइल. मल्टिमीटर वापरता येणाऱ्या माणसाला अर्ध्या दिवसात बिघाड सापडतो. नव्यात सर्किट बोर्ड जळला आणि कंपनीने तो बनवणं बंद केलं असेल, तर बाकीचं मशीन ठणठणीत असूनही भंगारात जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून नियम आहे की मॉडेल विकणं बंद झाल्यावरही मोटर, पंप, हीटर यांसारखे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान ७ वर्षं मिळाले पाहिजेत. दाराची रबरं, फवारा-दांड्या, गाळण्या, जाळ्या हे भाग तर ग्राहकालाही किमान १० वर्षं मिळाले पाहिजेत. म्हणून नवं घेताना रंग आणि कार्यक्रम बघण्याआधी सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीची सोय बघा. बटणांची गर्दी जितकी कमी तितकं बरं. वायफायची या स्वयंपाकघराला काहीच गरज नाही.

नवा डिशवॉशर रेट्रो दिसावा यासाठी काय करता येईल?

तीन वाटा आहेत.

पहिली, पूर्ण झाकलेलं मशीन. त्याच्या दारावर तुमच्या कपाटाचाच पल्ला बसतो, तीच मूठ, तोच रंग. बटणं दाराच्या वरच्या कडेवर असल्यामुळे दार बंद असताना काहीच दिसत नाही. मशीन चालू आहे हे कळावं म्हणून काही मॉडेलं जमिनीवर प्रकाशाचा ठिपका टाकतात. मला स्वतःला ही वाट सर्वांत आवडते, कारण पुढे मशीन बदललं तरी पल्ला तोच राहतो.

दुसरी, मुद्दाम जुन्या वळणाचं बनवलेलं नवं मशीन. इटलीतली स्मेग ही १९४८ मध्ये स्थापन झालेली कंपनी पन्नाशीच्या शैलीतले, गोलसर कडांचे, रंगीत डिशवॉशर बनवते. अमेरिकेतली बिग चिल आणि कॅनडातली एल्मिरा स्टोव्ह वर्क्स याही कंपन्या त्या धाटणीचे दर्शनी भाग देतात. ही मशीनं झाकायची नसतात, दाखवायची असतात. शेजारी त्याच घराण्याचा फ्रिज असेल तर शोभतात. बाकी सगळं खरोखरचं जुनं असेल तर मात्र त्यांचा नवेपणा डोळ्यांत भरतो.

तिसरी, साधं पांढरं मशीन. पांढरा एनॅमल हा त्या काळातला सर्वांत नेहमीचा रंग होता. सपाट पांढरं दार आणि त्याला जुन्या वळणाची क्रोमची मूठ लावली तर मशीन नजरेआड होतं. स्टीलपेक्षा कितीतरी बरं.

जुन्या मशीनच्या दाराचा रंगीत पत्रा नव्यावर बसवता येईल का?

हो, आणि कल्पना छान आहे. पत्रा काढून प्लायवूडवर चिकटवायचा आणि तो पल्ला झाकायच्या प्रकारच्या मशीनवर लावायचा. मापात एक अडचण येते. जुना अमेरिकी पत्रा २४ इंची जागेसाठी असतो, म्हणजे जवळपास ६१ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरच्या युरोपीय मशीनवरचा पल्ला साधारण ५९.५ सेंटिमीटरचा लागतो. पत्रा कापला तर कडेचं एनॅमल तडकतं, त्यामुळे जमलं तर २४ इंची जागेसाठीचंच नवं मशीन निवडा. वजनही बघा: प्रत्येक मशीनच्या पुस्तिकेत पल्ल्याच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. जड झालं की दार धाडकन खाली पडतं. मर्यादेच्या आत असेल तर दाराच्या स्प्रिंगचा ताण वाढवून सांभाळून घेता येतं.

जुनं आख्खं कवच ठेवून आत नवं मशीन बसवायचा विचार मात्र सोडून द्या. टाकी, दार, बिजागऱ्या आणि रबर हे एकमेकांच्या मापाने बनलेले असतात.

जुन्या कपाटांत नवं मशीन बसेल का?

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. नव्या मशीनला ओट्याखाली किमान ८१-८२ सेंटिमीटर मोकळी उंची लागते, आणि जुने ओटे अनेकदा आजच्यापेक्षा ठेंगणे असतात. कमी उंचीची मॉडेलं मिळतात, पण मुद्दाम शोधावी लागतात.

लोक विसरतात ती जागा म्हणजे कपाटांखालची पट्टी. जुन्या कपाटांत ती अरुंद असते आणि पल्ला जमिनीच्या खूप जवळ येतो. झाकलेल्या मशीनचं दार उघडताना पल्ल्याची खालची कड आत वळते आणि त्या पट्टीवर आपटते. यासाठी सरकत्या बिजागऱ्यांची मॉडेलं असतात, त्यांत दार खाली येताना पल्ला वर सरकतो. लांब पल्ला आणि अरुंद पट्टी असेल तर तेच घ्या.

जमिनीचंही बघा. मशीन जागेवर असताना त्याच्यापुढे नवी फरशी घातली तर मशीन खड्ड्यात अडकतं. पाय पूर्ण आत घेतले तरी ते बाहेर येत नाही, आणि मग ओटा उचलावा लागतो. फरशी मशीनच्या खालपर्यंत न्या.

वाफेने जुना ओटा खराब होईल का?

होऊ शकतो. बरीच नवी मशीनं धुणं संपल्यावर वाळवण्यासाठी दार आपोआप थोडं उघडतात. जुन्या लॅमिनेटच्या ओट्याखाली उघडी लाकडी भुशाची फळी असते. ती वाफेने फुगते आणि कडेची क्रोमची पट्टी सुटते. मशीनसोबत येणारी वाफरोधक पट्टी ओट्याच्या खालच्या कडेला नक्की लावा, आणि आपोआप दार उघडणं सेटिंगमधून बंद करता येत असेल तर करा. बंद दारात झिओलाइट या ओलावा शोषणाऱ्या खनिजाने वाळवणारी मशीनंही मिळतात.

चाकांवरचं जुनं मशीन कसं?

जुनं वापरायचंच असेल तर माझी पहिली पसंती याला. ते सिंकच्या नळाला तात्पुरतं जोडायचं आणि काम झालं की बाजूला सरकवायचं. काहींच्या डोक्यावर लाकडी फळी असते, तिचा ओट्यासारखा उपयोग होतो. मुख्य फायदा दुरुस्तीचा: चारही बाजूंनी हात जातो, गळती लगेच दिसते आणि कपाटांच्या आत पाणी मुरत नाही. फक्त नळाचं तोंड जोडणीला जुळतं का ते बघा, आणि पाण्याची नळी दाबाखाली ठेवून खोलीबाहेर जाऊ नका.

माझी जुनी भांडी कोणत्या मशीनमध्ये घालू?

कोणत्याच नाही. रेट्रो स्वयंपाकघरांचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. जुन्या पायरेक्सच्या वाडग्यांवरची नक्षी डिशवॉशरमध्ये फिकी आणि खरबरीत होते, आणि गेलेली चमक परत येत नाही. रंगीत अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचे पेले अल्कलीने पांढरट पडतात, कधी कधी एकाच धुण्यात. सोनेरी कडांच्या बशा, ग्लेझच्या वर रंगवलेली चिनी माती, शिशाची स्फटिक काच, लाकडी किंवा हाडाच्या मुठींच्या सुऱ्या, बिडाची भांडी, ही सगळी हातानेच धुवा. म्हणूनच मशीन निवडताना मोजदाद करा: रोज खरोखर मशीनमध्ये जाणारी भांडी किती? बरीचशी भांडी हातानेच धुवायची असतील तर ४५ सेंटिमीटर रुंदीचं अरुंद मशीन पुरतं आणि उरलेल्या जागेत एक कपाट मिळतं.

जुनं मशीन बिघडलेलं आहे, पण फेकवत नाही. काय करू?

ते जागेवरच ठेवून वाळवणीसाठी वापरा. पाणी आणि वीज दोन्ही कायमची तोडा, सांडपाण्याची नळी मात्र जोडलेली राहू द्या. हाताने धुतलेली भांडी त्याच्या जाळ्यांत निथळतात आणि पाणी तळाच्या खळग्यात उतरतं. ती नळी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच वळवून मग सिंकच्या पाइपाला नेलेली आहे का ते बघा, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं. पंप बंद असल्यामुळे तळातलं पाणी आपोआप बाहेर जात नाही, म्हणून दोन-चार दिवसांनी खळगा पुसून घ्या आणि दार थोडं उघडं ठेवा. जाळ्यांचं प्लॅस्टिक आवरण उडून तार गंजली असेल तर त्यासाठी ब्रशने लावायचा व्हिनाइलचा द्रव आणि टोकांच्या टोप्या मिळतात. गंज पूर्ण घासून, तार कोरडी करून मगच लावा, कारण ओल्या तारेवर लावलेलं आवरण लवकरच निघून येतं.